जिराफ, छत्री की घंटी

सासूबाईंना नवी कवळी बसली आणि त्यांच्या दोन मुलांमध्ये युद्ध पेटलं.

त्याआधीची काही वर्षं त्यांनी मऊ भात, सूप आणि कुस्करलेली केळी यांवर काढली होती. जुनी कवळी तोंडात कमी आणि पाण्याच्या ग्लासात जास्त असायची. नवी मात्र अशी चपखल बसली, की दातांच्या डॉक्टरांकडून परत येताना त्या गाडीत नुसत्याच दातांवर दात वाजवत बसल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुरुवातीला मऊच खा. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं आणि विचारलं, "बर्गर मऊच असतो ना रे?"

रविवारी त्यांना सत्तर पूर्ण होणार होती. केक वगैरे तुम्हीच खा, म्हणाल्या, मला बर्गर पाहिजे. दोन्ही हातांनी धरून, मोठा घास घेऊन.

"मग जिराफ," थोरला म्हणाला.

"छत्री," धाकटा म्हणाला.

दोघांच्या तोंडून शब्द एकाच वेळी बाहेर पडले आणि टेबलावर क्षणभर शांतता पसरली. ती शेवटची.

या दोन दुकानांची खरी नावं लांबलचक होती, पण घरात ती कोणी घ्यायचं नाही. एकाच्या पाटीवर टोपी घातलेला जिराफ होता, दुसऱ्याच्या छपरावर मोठी लाल छत्री. दोन्हींच्या गावभर शाखा होत्या आणि दोन्ही भाऊ आपापल्या दुकानाला कॉलेजपासून चिकटून होते. थोरल्याचं गाद्यांचं दुकान. बर्गर हातात आला की तो आधी पावावर अंगठा दाबायचा आणि पाव परत किती वर येतो ते बघायचा. जिराफवाल्यांचा पाव पुरता वर यायचा, शिवाय आकार एवढा की एक खाल्ला तर रात्रीपर्यंत भुकेचं नाव नको. तेवढ्याच पैशात दुसरीकडे निम्मासुद्धा मिळत नाही, हे त्याचं पालुपद. धाकटा चष्मे विकायचा. त्याचं म्हणणं, भिंतीवरच्या फोटोत जे दिसतं तेच हातात आलं पाहिजे. छत्रीवाल्यांकडे ते येतं. पानाची कड हिरवीगार, चीज बरोबर कोपऱ्यावरून ओघळलेलं. "तुझ्या जिराफाचा फोटो बघ आणि हातातला बर्गर बघ," तो भावाला म्हणायचा, "कोणाचा नंबर वाढलाय ते तूच सांग."

पहिल्या दिवशी वाद चवीवर होता. दुसऱ्या दिवशी तो कांद्याच्या जाडीवर आला. तिसऱ्या दिवशी थोरल्यानं धाकट्याला, तू लहानपणीसुद्धा ताटात मांडायचास जास्त आणि खायचास कमी, असं सुनावलं आणि धाकटा न जेवता उठला.

"बास," थोरल्याची बायको म्हणाली.

तिला घरीदारी सगळे मास्तरीण म्हणायचे. ती गाडी चालवायला शिकवायची. छपरावर भली मोठी 'एल'ची पाटी असलेली छोटी पिवळी गाडी, शेजारच्या सीटखाली तिच्यासाठी जादा ब्रेक. दिवसभर लोकांच्या चुका होण्याआधीच ओळखायच्या आणि पाय दाबायचा, हा तिचा धंदा. पण हल्ली घरी आल्यावरही तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. दीर काही बोलायच्या बेतात असला की पाय खाली. नवरा उत्तर द्यायला तोंड उघडतोय तोवर पुन्हा पाय खाली.

"आईच ठरवतील," ती म्हणाली. "दोन्हीकडचं खाऊन बघतील आणि सांगतील. मी घेऊन जाते. तुम्ही दोघं घरी बसा."

"वहिनी, तुम्ही दादाच्या बाजूच्या," धाकटा म्हणाला.

"भावोजी, मी कुणाच्या बाजूची असते तर एव्हाना तुम्हा दोघांची जेवणं बंद झाली असती."

अडचण एकच होती. शनिवारपर्यंत तिचे सगळे तास भरलेले. त्यातल्या त्यात शुक्रवारी दुपारचा तास लांबलचक होता, पण तो जजसाहेबांचा.

जजसाहेब नुकतेच निवृत्त झाले होते. कोर्टातून खुर्ची गेली तशी सरकारी गाडी आणि ड्रायव्हरही गेला, म्हणून ते या वयात शिकायला आले होते. उंच, सडपातळ, पांढऱ्या शुभ्र मिशा, आणि वागायला इतके सौजन्यशील की चौकात त्यांच्यामागे हॉर्नची जत्रा भरायची. डावीकडून येणाऱ्याला ते जाऊ द्यायचे, उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचे, आणि मग समोरच्याचं काही म्हणणं आहे का ते बघायचे. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा रिव्हर्समध्ये. मागचा गिअर टाकायचा म्हटलं की त्यांच्या तळहाताला घाम फुटायचा.

"मॅडम, दिलेला निकाल आपणच फिरवतोय असं वाटतं," ते म्हणायचे.

तिनं त्यांना फोन करून विचारलं, तासात सासूबाई मागे बसल्या तर चालेल का, वाटेत दोन ठिकाणी बर्गर घ्यायचाय.

"मी कधी खाल्लेला नाही," जजसाहेब म्हणाले. "म्हणजे या प्रकरणात माझा पूर्वग्रह नाही. त्रयस्थ माणूस म्हणून उपयोग होत असेल तर मी हजर आहे."

शुक्रवारी सासूबाई ठेवणीतला निळा स्वेटर घालून, काठी घेऊन मागच्या सीटच्या बरोबर मधोमध बसल्या. तिथून त्यांना रस्ता आणि जजसाहेब, दोन्ही दिसत होते.

"तुम्ही इतके हळू का चालवता?" पहिल्याच वळणावर त्यांनी विचारलं.

"काळजीपूर्वक चालवतो, बाई."

"आमच्या शेजारून आत्ता एक आजोबा चालत पुढे गेले."

जजसाहेबांनी आरशात पाहिलं. मास्तरीण श्वास रोखून बसली. जजसाहेबांच्या मिशा किंचित हलल्या आणि त्यांनी गिअर बदलला.

जिराफवाल्यांकडे गाडीतूनच घ्यायची खिडकी होती. जजसाहेबांनी गाडी सरळ नेली, झोकात थांबवली, पण खिडकीपासून चांगली दोन हात लांब. आतली मुलगी कमरेपर्यंत बाहेर वाकली, जजसाहेब खांद्यापर्यंत बाहेर वाकले, तरी मधे वीतभर हवा उरलीच. पुढे घेऊन पुन्हा लावायची म्हणजे मागे यावं लागणार. जजसाहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागची काच खाली झाली आणि काठीची मूठ बाहेर आली.

"अडकव गं पिशवी," सासूबाई म्हणाल्या.

मुलीनं पिशवी अडकवली. मासा गळाला लागावा तशी ती डुलत डुलत आत आली. आतल्या मुलीला हसू आवरेना, मास्तरिणीलाही आवरेना, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपला पाय ब्रेकवर नाहीये.

पलीकडे झाडाखाली गाडी लावून त्यांनी पिशवी उघडली. बर्गर कसला, लहानशी उशीच. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि घास घेतला. पान कुरकुरलं, काकडी मोडली, पॅटीत दात रुतले. नुसत्या चावत राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आई, दुखतंय का?" सुनेनं घाबरून विचारलं.

"आवाज आला गं," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी माझ्या खाण्याचा आवाज आला."

जजसाहेबांनी आपला बर्गर कागदासकट मांडीवर ठेवला होता आणि सगळ्या बाजूंनी न्याहाळत होते. "याला सुरुवात कुठून करतात?"

"लाज सोडायची आणि करायची. कुठूनही करा." सासूबाईंनी मागून पुढे वाकून त्यांच्या हातांची बोटं नीट बसवून दिली. "असं धरा. अंगठे खालून. सोडू नका, सोडलं की संपलं."

जजसाहेबांनी घास घेतला. बराच वेळ त्यांना नुसता पावच लागला. दुसऱ्या घासालाही पाव. तिसऱ्याला कुठे मुख्य ऐवज दाताखाली आला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या, कारण आत एकाखाली एक अशा दोन पॅट्या होत्या. "प्रस्तावना लांबली आहे," ते म्हणाले, "पण मुद्दा भक्कम आहे. दुहेरी आहे."

"आपण तर साधाच सांगितला होता," मास्तरीण म्हणाली. चुकून आला असेल, म्हणून तिनं ते तिथंच सोडून दिलं.

छत्रीवाल्यांकडे खिडकीची भानगड नव्हती, आत जावं लागायचं. जजसाहेबांनी सासूबाईंसाठी दार धरलं आणि पाठोपाठ येणाऱ्या एका अख्ख्या कुटुंबासाठीही धरून ठेवलं. बर्गर आला. फोटोतून काढून ताटलीत ठेवावा तसा. पान हिरवं, टोमॅटो लाल, पावावर तीळ एकेक मोजून लावल्यासारखे. चव तर अशी की तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. आत काहीतरी धुरकट, काहीतरी आंबटगोड, आणि चीज जिभेवर ठेवताच विरघळणारं.

"हे वेगळंच आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि हातात बघितलं तर बर्गर संपलेला. "अगं, कुठे गेला?"

"खाल्लात तुम्ही, आई."

"सुरू होतोय म्हणेपर्यंत संपला की."

मास्तरीण पाण्याचा ग्लास आणायला उठली आणि काउंटरजवळच्या मोठ्या कुंडीपाशी थबकली. झाडाच्या मागे एक माणूस उभा होता. पानांतून त्याचा चष्मा चमकत होता.

"भावोजी."

धाकटा बाहेर आला. त्यानं काहीतरी कारण सांगायला तोंड उघडलं, मग आईकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या रुबाबदार मिशांकडे पाहिलं, आणि ताकास तूर लागू न देण्याचा त्याचा विचार जागच्या जागी विरला. काउंटरवरच्या मुलीनंच सांगून टाकलं. साहेब तासाभरापूर्वी येऊन बसलेत. आईसाठी चीज महागातलं घाला, पॅटी ताजी भाजा, पाव वेचून घ्या, असं तीनतीनदा सांगितलंय.

"लाज नाही वाटत?" मास्तरीण म्हणाली.

"दादाला विचारा ना लाजेचं. त्यानं काल सकाळीच जिराफवाल्यांना जाऊन सांगितलंय, एल पाटीची पिवळी गाडी आली की डबल द्या, पैसे मी भरतो."

आता दोन पॅट्यांचा उलगडा झाला. मास्तरीण कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. आपण दोन भावांचं भांडण मिटवायला निघालो आणि दोघांनीही आपल्यालाच उल्लू बनवलं. तिला चिडायचं होतं. पण शेजारी सासूबाईंचे खांदे गदगदायला लागले होते, आणि समोर जजसाहेब हळूहळू ताठ होत चालले होते. निवृत्तीनंतर आलेलं खांद्याचं पोक त्यांनी जणू कोट काढावा तसं काढून ठेवलं.

"दोन्ही पक्षांनी पुराव्यात ढवळाढवळ केलेली आहे," ते म्हणाले. आवाज एवढा खणखणीत निघाला की पलीकडच्या टेबलावरचं पोर रडायचं थांबलं. "दोन्ही पुरावे फेटाळण्यात येत आहेत. तुम्ही घरी जा आणि बंधूंनाही तसं कळवा."

धाकटा खाली मान घालून गेला. दारातून त्यानं एकदा वळून पाहिलं, तर आई त्याला हात हलवून टाटा करत होती.

"मग आता?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्या पोटात अजून जागा आहे."

"या दोघांपैकी कुणालाही सुचणार नाही असं एखादं दुकान आहे का?" जजसाहेब म्हणाले.

होतं. उड्डाणपुलाच्या पलीकडे, टायरच्या गोदामाला लागून, घंटीवाल्यांचं. त्यांचीही साखळीच होती, पण शाखा फारशा नाहीत. घरातलं कुणी तिकडे कधी फिरकलं नव्हतं. थोरल्याला तिथला पाव दिसायला चपटा वाटायचा आणि धाकट्याला पाटीवरचा फोटो धुरकट.

त्या दिवशी जजसाहेबांनी पुलावर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. आयुष्यात पहिल्यांदा. एका ट्रकनं त्यांना वाट मागितली आणि त्यांनी ती दिली नाही. "त्याची बाजू कमकुवत होती," त्यांनी स्पष्टीकरण दिलं. सासूबाई म्हणाल्या, अगदी बरोबर केलंत.

घंटीवाल्यांची गाडीतून घ्यायची गल्ली अरुंद होती, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठडा. पिवळी गाडी आत शिरली, पहिलं वळण घेतलं, आणि समोरची व्हॅन बंद पडली. तिचा मालक उतरला, बॉनेट उघडलं आणि हताश होऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मागे कुणी नव्हतं. बाहेर पडायचं तर एकच मार्ग होता, उलटा.

मास्तरिणीनं ओठ चावला. एरवी अशा वेळी ती म्हणाली असती, साहेब उतरा, मी काढते. ते म्हणायला तिनं तोंड उघडलंसुद्धा.

"तुम्हाला येत नाही का मागे?" सासूबाईंनी विचारलं.

"येत नाही, बाई. दोनदा नापास झालो त्यात."

"मग आज कोण परीक्षा घेतंय? मी बघते मागे. तुम्ही फक्त मी सांगते ते करा." आणि त्यांनी काच खाली करून अर्धं अंग बाहेर काढलं. "या. या. थोडं तुमच्याकडे. तुमच्याकडे म्हणजे माझ्या उजव्या हाताकडे. अहो, माझा उजवा, भिंतीचा नव्हे. आता सरळ. छान. कठडा जवळ येतोय, पण तो घाबरलाय तुम्हाला. या बिनधास्त."

गाडी गोगलगायीसारखी मागे सरकत होती. जजसाहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते, पण स्टिअरिंगवरचे हात हलके होते. मास्तरिणीनं दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. शिकवायला लागल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. वळण आलं, गाडी झुलत वळली, भिंत गेली, कठडा गेला आणि मागे मोकळं मैदान लागलं. जजसाहेबांनी हँडब्रेक ओढला आणि दोन्ही तळहात विजारीला पुसले.

"मागे येणं इतकं सुंदर असतं, कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

मग तिघं पायीच आत गेले. टेबलांना ऑइलक्लॉथ, भिंतीवर पंखे आणि दाराशी टांगलेली पितळी घंटी. ज्याला आवडेल त्यानं जाताना वाजवायची, अशी रीत. बर्गर समोरच भाजला जात होता. पाव चपटाच होता, पण तव्यावर परतलेला, कडेनं खरपूस. कांदा भाजून मऊ केलेला. ताटलीत आला तेव्हा फोटोसारखा मुळीच दिसत नव्हता, एका बाजूला कलला होता, आणि इतका गरम की कागद चिकटला. ना जिराफाएवढा मोठा, ना छत्रीएवढा नाजूक. पहिल्या घासाला पाव, पॅटी, कांदा सगळं एकदम तोंडात आलं आणि शेवटच्या घासापर्यंत तसंच येत राहिलं. जजसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर सॉसचा लांबलचक ओघळ उतरला. त्यांनी तो पुसायचा प्रयत्नही केला नाही. सासूबाईंच्या हनुवटीवर, स्वेटरवर, कोपरावर सॉस होता. मास्तरिणीनं दोघांना रुमाल द्यायला हात पुढे केला, तर तिच्याच मनगटावरून ओघळ चाललेला.

निघताना सासूबाईंनी घंटी वाजवली. एकदा नाही, दोनदा नाही, काठी सुनेच्या हातात देऊन दोन्ही हातांनी दोरी धरून वाजवत राहिल्या. भाजणारा बाहेर आला. टायरच्या गोदामातली माणसं दारात जमली आणि टाळ्या वाजवायला लागली.

रविवारी जेवणाआधी दोन्ही मुलं आईसमोर उभी राहिली, शाळेत गृहपाठ न केल्यासारखी. सासूबाईंनी शेजारच्या खुर्चीत जजसाहेबांना बसवलं होतं. ते पाहुणे म्हणून आले होते, नव्या शर्टात.

"चवीत छत्री वरचढ," सासूबाई म्हणाल्या. धाकट्याची मान वर झाली. "पैशाच्या मानानं जिराफ. पोटभर मिळतं, त्यात खोट नाही." थोरल्याचीही वर झाली. "पण तुम्ही मला खाऊन बघायला सांगितलंत, तेव्हा मला प्रश्न पडला, की परत कुठे जावंसं वाटतं. मी घंटीवाल्यांकडून मागवलेत."

"आई, तिथं तुम्ही सगळे हसत होतात म्हणे," थोरला कुरकुरला. "भूकही लागली असेल. ती काय दुकानाची चव झाली?"

"भूक कसली, तो तिसरा होता," मास्तरीण म्हणाली.

बर्गर आले. थोरल्यानं सवयीनं पावावर अंगठा दाबला. पाव वर आला नाही. तरी त्यानं खाल्ला, आणि मग कोणाला न विचारता दुसरा उचलला. धाकट्यानं चष्मा काढून ठेवला आणि तसाच खाल्ला. दोघं शेजारी शेजारी बसून कोपरानं एकमेकांना ढकलत होते आणि कांदा नक्की कशात भाजला असेल यावर पुन्हा वाद घालत होते, पण आता तोंड भरलेलं असल्यामुळे कोणाला काही कळत नव्हतं.

जजसाहेब पुढच्या परीक्षेत पास झाले. रिव्हर्स इतकं देखणं घेतलं, की परीक्षकानं पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं. महिन्याभरात त्यांनी छोटी हिरवी गाडी घेतली. एका दुपारी ती दारात येऊन थांबली तेव्हा मास्तरीण घरीच होती. सासूबाई आतून तयार होऊनच बाहेर आल्या. निळा स्वेटर धुऊन आला होता, केस नीट बांधलेले होते.

"सूनबाई, गावाबाहेर एक नवीन निघालंय म्हणे, माशाचे बर्गर करणारं," त्या म्हणाल्या. "जरा बघून येतो आम्ही. निकालाविरुद्ध अपील असतं ना, ते ऐकायला नको?"

"जेवायला येणार ना, आई?"

"ते पोटावर आहे."

जजसाहेब उतरून त्यांच्यासाठी दार धरून उभे होते. या वेळी त्या मागे बसल्या नाहीत, पुढे बसल्या. हिरवी गाडी फाटकातून उलटी बाहेर पडली, सरसर, एका झटक्यात, आणि कोपऱ्यावर कुणाचंही न ऐकता वळून दिसेनाशी झाली. मास्तरीण दारात उभी राहून एकटीच हसत होती, आणि समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिला हसण्यातून उत्तरच देता येईना.